जनकाताईचे बारा शब्द

जनकाताईला इंग्रजी येत नाही. मराठी वाचतासुद्धा येत नाही. बस कुठं जाते हे ती कंडक्टरलाच विचारते. पण बारा इंग्रजी शब्द तिला पाठ आहेत, ठरल्या क्रमानं, कुठंही न अडखळता. माझी ती थोरली बहीण. जानेफळला आमची घरं लागून आहेत, म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलं.

ते शब्द तिला तिच्या मुलानं, संघपालनं शिकवले. तो चाकणला कंपनीत होता आणि पगारातलं उरलंसुरलं बँकेत न ठेवता क्रिप्टोत, त्या फोनमधल्या वॉलेटात राहणाऱ्या नव्या पैशात, टाकायचा. मला हा प्रकार कधी पटला नाही, आणि मी त्याला तसं तोंडावर सांगितलंही. तो नुसता हसायचा. फोन गेला तरी बारा शब्द ठाऊक असले की पैसा परत मिळतो, पण शब्द लिहून ठेवले की कोणाच्याही हाती लागतात, असं त्याचं म्हणणं. माय अख्खी वंदना पालीत म्हणते आणि एक अक्षर चुकत नाही, मग तिच्याइतकी भरवशाची जागा दुसरी कोणती?

बुद्धजयंतीच्या सुटीत त्यानं तिला ओसरीवर बसवून शब्द पाठ करून घेतले. "हे कोणालेच सांगू नोको, माय," म्हणाला. पुढं "मले काही झालं तं" एवढं बोलला आणि ताईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "असं वंगाळ बोलू नाही." त्यामुळे निम्मा निरोप पोहोचला आणि निम्मा राहूनच गेला.

त्याच पावसाळ्यात कामावरून परतताना ट्रकनं त्याच्या मोटरसायकलला उडवलं. तो जागीच गेला. फोनचाही चुरा झाला. त्याची धाकटी बहीण मयुरी मेहकरला कॉलेजात शिकते. तिचं पुढचं शिक्षण त्याच पैशावर व्हायचं होतं. त्या पैशाची बारा शब्दांची चावी दादासोबत गेली असं धरून तिनं तो विषय सोडून दिला. आणि ताई? कोणाला सांगू नको म्हटलं म्हणून त्या शब्दांबद्दल वर्षभर गप्प. सकाळी वंदना झाली की तिचे नुसते ओठ हलायचे. मला वाटायचं, पोराशी बोलते. पाहता पाहता माझेच डोळे भरून यायचे.

यंदा संघपालला जाऊन वर्ष झालं, तेव्हा त्याचं पहिलं पुण्यानुमोदन विहारासमोर मांडव घालून झालं. आमच्याकडे वंदनेला एकजण पुढं म्हणतो आणि बाकीचे त्याच्या मागून म्हणतात. त्रिशरण, पंचशील झालं. मग कार्यक्रम चालवणाऱ्या गोकुळनं ताईच्या हाती माईक दिला आणि मुलाबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं. ताई उभी राहिली, पण तिच्या तोंडातून काही फुटेना. शेवटी म्हणाली, "त्यानं शिकवलेलं तेवढं म्हनून दाखवते."

"लेमन," ती म्हणाली. आणि सवयीनं अख्खा मांडव म्हणाला, "लेमन."

"ब्रिज." "ब्रिज."

सांगताना हसू येण्यासारखं आहे, पण तिथं कोणी हसलं नाही. म्हाताऱ्या बाया हात जोडून, डोळे मिटून मागून म्हणत होत्या. मयुरी माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "मामा, हे दादाच्या वॉलेटचे शब्द हायेत." उठून माईक हिसकावणार कशी? आईनं वर्षभरात पहिल्यांदा त्याच्याविषयी तोंड उघडलं होतं. बारावा शब्द होईपर्यंत ती पोरगी तशीच बसून राहिली.

आमच्या गावात मयतीलासुद्धा मोबाईल वर धरलेले असतात, याची मला भारी चीड आहे. जेवणाच्या पंगती बसायच्या आत व्हिडिओ गावच्या ग्रुपवर पडला होता, आणि त्या ग्रुपमधले निम्मे लोक पार पुण्या-मुंबईपर्यंत पसरलेले. ज्याला यातलं कळतं, त्याला ते ऐकून काय कळायचं ते कळणारच.

"मंग चावी बदलून टाक," मी म्हटलं.

"बदलता येत नाही, मामा. चावी उघडी पडली की ते घरच सोडा लागते. नव्या शब्दांचं नवं घर करायचं, समदं तिकडं न्यायचं, आन् जुन्यात पुन्हा कधी काही ठेवायचं नाही. आपल्या आधी कोणी पोचलं तं त्याचं."

नेटवर्कसाठी आम्ही विहाराच्या गच्चीवर चढलो. तोच व्हिडिओ लावून तिनं एकेक शब्द फोनमध्ये भरला. दोनदा चुकली. वॉलेट उघडलं. संघपालची कमाई जशीच्या तशी होती. तिनं नवं वॉलेट केलं, सगळं तिकडं पाठवलं आणि आम्ही वाट पाहत उभे राहिलो. खाली लोक जेवत होते आणि मी त्यांतल्या प्रत्येकाकडे चोर असल्यासारखा पाहत होतो. पैसे पोहोचल्याचं दिसलं तेव्हा मयुरी खाली बसली आणि रडली. भावाच्या मयतीलाही ती एवढी रडली नव्हती.

पाहुणे गेल्यावर ताईला सांगणं भाग होतं. तिचा चेहरा उतरला. "म्या त्याचं बोलनं मोडलं," एवढंच ती म्हणत राहिली. काही गेलं नाही हे मयुरीनं तिला नाना परींनी पटवलं, आणि मग नवे बारा शब्द शिकवायला तिच्यासमोर बसली. पहिल्याच शब्दाला ताईनं तिला थांबवलं.

"ते जुने आता कायच्या कामाचे?"

"कायच्याच नाही, माय. काहीच नाही त्यात आता."

"मंग कोनाले सांगतले तं चालते?"

"चालते."

"मंग नवे तूच पाठ कर," ताई म्हणाली, आणि आमच्याकडे वळून बसली. "लेमन. तो म्हने, माय, त्या लिंबोणीखाली मले झोपवून तू वावरात निंदाले जात होती, ते ध्यानात ठेव. ब्रिज मंजे पूल. मेहकरच्या पुलावून माही चप्पल नदीत पडली अन् तू मले मारलं, ते ध्यानात ठेव."

एकेका शब्दाला त्यानं असं काहीतरी जोडून दिलं होतं. मयुरीला ठाऊक नव्हतं, मला नव्हतं. शब्द सांगायचे नाहीत, म्हणून हेही तिला वर्षभर कोणापाशी काढता आलं नव्हतं. आम्ही ऐकत राहिलो. ताई मध्येच हसायची, मध्येच पदर डोळ्यांना लावायची.

"अन् बारावा विंटर. विंटर मंजे हिवाळा. तो म्हने, हिवाळ्यात येतो, माय, तवा पाहातो तुले पाठ हाय का."

ताईनं दाराकडे पाहिलं.

"पाठ हाय," ती म्हणाली.