अमावास्या आणि पाचवा दिवस

"अमावास्येला निघायचं? पेरूला पाठवतेस की वर, पोरी?"

अण्णा मिरजकरांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि चष्मा काढला. अण्णांचं हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात कापडाचं दुकान आहे. तीन भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, सुना असे चौदा जण माचू पिचू बघायला निघाले होते. हजारो फूट उंचावरच्या डोंगरात इंका लोकांनी बांधलेलं ते दगडी गाव. अमेझॉनचं जंगलही याच टूरमध्ये होतं. देशपांडे नगरातल्या आमच्या टूर ऑफिसकडून पेरूला जाणारा हा पहिलाच ग्रुप. आयटिनररी, म्हणजे कुठल्या दिवशी कुठे याचा तक्ता, मी केला होता.

चूक माझीच होती. मी तारखा फोनच्या कॅलेंडरवर बघितल्या. माझ्या खुर्चीमागे भिंतीवर तिथींचं कॅलेंडर टांगलेलं आहे. त्याच्याकडे पाठ करून मी दोन वर्षं काम करते आहे. निघायचा बुधवार तिथे काळ्या ठिपक्यानं भरला होता.

"अमावास्येला आमच्यात दुकानाची पूजा," अण्णा म्हणाले. "बाहेरगावी कोणी जात नाही. माझा बाप गेला नाही, मी जाणार नाही."

"एक दिवस उशिरा निघा की अण्णा," हिरेमठ सर म्हणाले. सर माझे बॉस. ते कन्नड, पण गिऱ्हाईक मराठी असलं की झकास मराठी बोलतात.

मी हळूच म्हणाले, "सर, माचू पिचूची तिकिटं."

तिथे दिवसाला ठरावीक माणसांनाच आत सोडतात. तिकिटावर नाव, पासपोर्ट नंबर, तारीख आणि आत जायची वेळ असते. आमची चौदा तिकिटं सोमवारची होती. नंतरचे दिवस भरले होते आणि तारीख बदलून मिळत नव्हती.

सरांनी कागद ओढून घेतला. त्यांचं बोट पाचव्या दिवसावर थांबलं. "हे काय? रविवारी नुसतं 'रेस्ट' लिहिलंय. हा काढून टाक. गुरुवारी निघून सोमवारी बरोबर पोचतात."

"हौद की, बरोबर आहे," अण्णा खूश झाले. "एवढं लांब जाऊन झोपायला कशाला जायचं? झोप इथं घरी आहेच."

हा दिवस मी मुद्दाम ठेवला होता. टूर कुस्कोच्या विमानतळावर उतरते. कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार चारशे मीटरवर आहे आणि आपली हुबळी साडेसहाशेच्या आसपास. तिथली हवा विरळ. शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून उतरल्या उतरल्या गाडीनं थोडं खाली, नदीच्या खोऱ्यात न्यायचं, दोन रात्री तिथेच ठेवायचं, आणि मधल्या दिवशी काहीही दाखवायचं नाही. मग माचू पिचू, त्यानंतर कुस्को शहर आणि शेवटी जंगल, कारण जंगल सखल भागात आहे.

हे सगळं मला येत होतं. बोलता येत नव्हतं. चार माणसं समोर असली की मी वाक्य अर्ध्यावर सोडते. पण एक गोष्ट मी बघितली होती. आमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. अण्णांच्या पत्नी, म्हणजे काकू, दर चार पायऱ्यांनी थांबून वर आल्या होत्या. थांबल्या की पदर नीट करायच्या, म्हणजे थांबण्याचं कारण कोणी विचारू नये. आता त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या.

"मला उद्यापर्यंत वेळ द्या," मी म्हणाले.

"उद्या अमावास्या हलते काय?" अण्णांनी विचारलं. सगळे हसले. काकू हसल्या नाहीत.

घरी जाऊन आईला विचारलं, "अमावास्येला निघावंच लागलं तर लोक काय करतात?"

"प्रस्थान ठेवतात," आई भाकरी थापतच म्हणाली. "चांगला दिवस बघून तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि बरोबर न्यायची एखादी वस्तू पिशवीत घालायची. ती दुसऱ्याच्या घरी ठेवायची. म्हणजे प्रवास त्या दिवशीच सुरू झाला. मग निघताना वाटेत पिशवी घ्यायची. एवढंही ठाऊक नाही? घातलं तुला कॉन्व्हेंटात."

दुसऱ्या दिवशी अण्णा आणि काकू ऑफिसला आल्यावर मी हे एका दमात सांगून टाकलं. दम मध्ये सोडला असता तर पुढचं आलं नसतं.

अण्णांनी विचारलं, "हे तुला कोण सांगितलं?"

"आई."

"आमची आजी ठेवायची," काकू पहिल्यांदाच बोलल्या. "काशीला जाताना. निघायच्या आधीचा सोमवार चांगला आहे, मी पंचांग बघितलंय. मुंबईला जाताना रायापूर वाटेवरच आहे, तिथं भाच्याकडं ठेवू."

"आणि पूजा?"

"मुनीमजी करतील. दरवेळी तेच तर करतात. तुम्ही नुसते उभे असता."

अण्णांनी चष्मा चढवला. "बरं, बुधवारीच निघू." पाचवा दिवस वाचला.

आमच्या ऑफिसचा नियम आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी मूळ पासपोर्ट तिकिटांशी ताडून बघायचे. मंगळवारी मी अण्णांना फोन केला.

"पासपोर्ट प्रस्थानात आहेत," अण्णा म्हणाले.

"सगळे?"

"बरोबर न्यायची वस्तू म्हणालीस. पासपोर्टपेक्षा बरोबर न्यायची कुठली वस्तू आहे? सुपारी काय, तिथंही मिळेल."

मी रायापूरला गेले. देवघरापुढे पाटावर लाल खणाची पिशवी होती. भाच्याची बायको, अक्का, दारातच उभी राहिली. "बघायचं तेवढं बघा. उंबऱ्याबाहेर जायचं नाही. ठेवलेलं माघारी नेत नाहीत."

सरांचा फोन आला. "पासपोर्ट घेऊन ऑफिसला ये. कॉपी काढू."

"नाही येता येणार, सर. ती निघालीय."

"कोण?"

"पिशवी."

 पलीकडून "अय्यो" आलं.

मी जमिनीवर बसले आणि चौदा पासपोर्ट एकेक करून तपासले. प्रत्येकातून तांदूळ पडत होते. नावं, नंबर, सगळं जुळलं. उठताना अक्कानं हातावर साखर ठेवली.

बुधवारी सकाळी त्यांची बस रायापूरला थांबली, पिशवी चढली आणि ग्रुप गेला.

चौथ्या दिवशी तिथल्या टूर मॅनेजरचा मेसेज आला. खोऱ्यात पोचल्यावर काकूंचं डोकं भयंकर दुखत होतं. धाकट्या भावाला दोनदा उलटी झाली. अण्णा म्हणत होते, विमानातलं जेवण बाधलं. मी फोन हातात धरूनच बसले. पाचव्या दिवशी सगळे हॉटेलच्या बागेत पडून राहिले, पाणी आणि उंचीच्या त्रासावर तिथे देतात तो पानांचा चहा पीत. संध्याकाळी मेसेज आला, काकूंनी भात मागितला.

सहाव्या दिवशी फोटो आला. मागे ढग, दगडी भिंती आणि उभा कडा. चौदाच्या चौदा जण उभे. काकू सगळ्यांत पुढे होत्या आणि पदर वाऱ्यानं उडाला होता. तो नीट करायला त्या थांबलेल्या दिसल्या नाहीत.

परत आल्यावर अण्णा पेढे घेऊन ऑफिसला आले. सर्वांसमोर म्हणाले, "टूर फर्स्ट क्लास! डोंगर काय, ते दगड काय, जंगलात बोटीतनं गेलो ते काय! पण हिरेमठ, एक सांगतो. तो पाचवा दिवस फुकट गेला बघा. काहीच केलं नाही आम्ही."

मी पेढा खाल्ला. 

आता मी आयटिनररीत 'रेस्ट' लिहीत नाही. 'नदीच्या खोऱ्यातला खास मुक्काम' असं लिहिते. दिवस तोच असतो, पण तो काढून टाका असं अजून कोणी म्हटलेलं नाही.