बाप्पा हलेनात, त्याचं खरं कारण

आमच्या लालबागच्या खोलीतून काही टाकून द्यायचं म्हटलं की माझे सासरे दारात आडवे उभे राहतात. तुटकी छत्री, फुटक्या बरणीचं झाकण, बंद पडलेल्या घड्याळाचे नुसते काटे, सगळं माळ्यावर. गेल्या वर्षी गणपतीआधी घर रंगवलं. उरलेला रंग ठेवायला मी माळ्यावर चढले, तर तिथे रंगाच्या डब्यांचं संमेलनच भरलेलं! मोरीच्या दाराचा निळा, खिडक्यांचा चॉकलेटी, कुठल्याशा मंडळाच्या कमानीचा भगवा, आणि त्यात भर म्हणून माझ्या हातातला पोपटी. खाली गॅस पेटलेला आणि डोक्यावर हा दारूगोळा. म्हटलं, बस झालं, हे सगळं घराबाहेर जाणार.

"मगे ओत गो गटारात," सासरे पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "पाऊस घेऊन जाता."

झालं, माझं डोकंच फिरलं. मी वरळी कोळीवाड्याची. माझा भाऊ अजून होडी घेऊन समुद्रावर जातो. लालबागचं गटार कुठे जातं ते मला नका शिकवू. गटारातून नाल्यात, नाल्यातून समुद्रात, आणि तिथे माझा भाऊ जाळं टाकून बसलेला! म्हणजे सासरच्यांनी रंग धाडायचा, माझ्या भावाने तो पापलेटाच्या पोटातून परत आणायचा आणि सासऱ्यांनी काटे चोखत म्हणायचं, वा, काय चव आहे! मी स्पष्ट सांगितलं, "बाबा, ह्या घरातला एक थेंब जरी समुद्रात गेला, तर माझ्या माहेरची मासळी बंद." मालवणी माणसाला ह्यापेक्षा मोठी धमकी नाही. त्यांनी पेपर खाली ठेवला.

मी पालिकेत फोन लावला. पलीकडचा माणूस भला होता. म्हणाला, ऑइल पेंट गटारात नाही, ओल्या कचऱ्यात नाही, सुक्यातही नाही. तो घातक कचरा. झाकणं घट्ट लावून डबे वेगळे ठेवा, गाडी येऊन घेऊन जाईल, पण गणपतीनंतर. मी खूश. डबे गोणीत भरून पलंगाखाली सरकवले आणि घरात सगळ्यांना सांगितलं की पालिकेची गाडी येईपर्यंत गोणीला हात लावायचा नाही.

इथेच माझं चुकलं. सासऱ्यांना त्यातलं एवढंच ऐकू आलं, की आपला चांगला रंग सरकार फुकट नेणार. रात्रभर त्यांना झोप लागली नसणार. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर घरातलं स्टूल रंगलेलं, बादलीची कडी रंगलेली, पाटा-वरवंट्यातला वरवंटा रंगलेला. रंग तरी कुठला? सगळे डबे एकात ओतून त्यांनी जे काही केलं होतं, त्याला नाव नाही. शिळ्या अळूच्या फदफद्यात शाई सांडल्यावर जे होईल, ते.

"रंग टाकूचो नसता, लावूचो असता," ते म्हणाले. चष्म्यावरसुद्धा ठिपके.

"आणि हा खोबरेलाचा वास कसला येतोय?"

"घट्ट झाल्लो. म्हणान तेल घातलंय. तेलाच्या रंगात तेल नाय, तर काय पाणी घालूचा?"

मी कपाळावर हात मारला. त्यात सगळ्यात कळस म्हणजे गणपतीचा पाटसुद्धा ह्या बासुंदीत न्हाऊन निघाला होता. आमच्याकडे मूर्तिकाराला घरचा पाट आधी नेऊन द्यावा लागतो आणि शाडूची मूर्ती त्याच पाटावर बसून घरी येते. हा पाट सासऱ्यांनी गिरणीत असताना एका सुतार मित्राकडून करून घेतलेला, त्यामुळे त्यावर कापडबिपड घालायची सोय नाही. पाट दिसला पाहिजे. मी म्हटलं, हा सुकणार नाही हो. ते म्हणाले, सुकतलो. आणि गेले पाट काखेत मारून. त्या दिवशीच्या सदऱ्यावर पाटाची कड अजून आहे.

बाप्पा आले, थाटात बसले. आमचा दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशी दुपारी सासऱ्यांनी उत्तरपूजा केली. पूजेनंतर मूर्ती जागेवरून जराशी हलवतात. हलवली की देव निघाले, मग विसर्जनाला न्यायचे. काही घरांत पाटासकट सरकवतात, पण आमच्यात पाट जागेवर आणि मूर्ती हलली पाहिजे, असा सासऱ्यांचा दंडक. त्यांनी अक्षता वाहिल्या, दोन्ही हात लावले, हलवलं.

बाप्पा हलेनात.

पुन्हा लावले. नाही. नवऱ्याने पाट धरला, सासऱ्यांनी मूर्ती. तरी नाही. तेवढ्यात शेजारच्या वहिनी शिदोरीचं दही घेऊन आल्या आणि दारातूनच किंचाळल्या, "अगंबाई! बाप्पाला जायचंच नाहीये!"

संपलं. चाळीत अशी गोष्ट पसरायला वहिनी एकट्या पुरतात. बघता बघता गॅलरीत माणसं जमली, जिन्यावर रांग लागली. आमच्या लालबागमध्ये रांग दिसली की माणूस आधी उभा राहतो, मग विचारतो कसली आहे. एकाने आत डोकावून मला विचारलं, "ताई, ही मुखदर्शनाची की चरणस्पर्शाची?" खालच्या मजल्यावर कोणीतरी नारळ विकायला बसलं, शप्पथ सांगते.

मला हसू आवरेना, पण सासऱ्यांकडे बघितलं आणि हसू गेलं. ते पाटासमोर मांडी घालून बसले होते. "माझा काय चुकला रे देवा," ते पुटपुटत होते. "ह्या वर्षी गावाक गेलंय नाय म्हणान? काय चुकला, सांग." डोळ्यांतून पाणी. गल्लीभर दादागिरी करणारा हा माणूस एवढा घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता.

बाप्पा काही रागावले नव्हते, चिकटले होते. पण ते सगळ्या रांगेसमोर कसं बोलायचं? म्हाताऱ्याची अब्रूच गेली असती. मी वहिनींच्या हातात एक चादर दिली आणि ओरडले, "आडपडदा धरा! सगळे मागे व्हा, सोवळं आहे!" सोवळं म्हटलं की कोणी प्रश्न विचारत नाही. मग मखराकडे बघितलं. सगळी सजावट भावाने दिलेल्या तंगूसावर टांगलेली, मासे धरायचा तो नायलॉनचा दोरा. मी दिला हिसका. झेंडूच्या माळा, कागदी कमळं आणि एक थर्माकोलचा नव्हे, पुठ्ठ्याचा हत्ती, सगळं नवऱ्याच्या डोक्यावर.

"बाबा, हे टोक धरा," मी हळूच म्हटलं. "बाप्पा जायला तयार आहेत. तुमचा रंग सोडत नाहीये."

ते माझ्याकडे बघत राहिले. "रंग?"

"खोबरेल घातलेला."

आधी त्यांचा जीव भांड्यात पडला, मग चेहरा पडला, मग मिशीत हसले. आम्ही दोघांनी तंगूस मूर्तीखाली घातला आणि करवतीसारखा इकडून तिकडे ओढू लागलो. अर्ध्यात पोचल्यावर 'चप्प' असा आवाज झाला आणि बाप्पा बोटभर सरकले. पडद्यापलीकडे "मोरया!"चा असा गजर झाला की वहिनींच्या हातून चादरच सुटली.

नवऱ्याने लगेच घाई लावली. आमचं विसर्जन माझ्या माहेरच्या धक्क्यावर, भावाच्या होडीतून. मूर्ती उचलली तर तळाला तो फदफद्याचा थर तसाच, ओला. मी तोंड उघडलं. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना आता. एवढ्याशा रंगाने समुद्राला काय होणारे? उशीर होतोय, लोक खोळंबलेत."

मी काही बोलायच्या आत सासरे पुन्हा खाली बसले. बाप्पाला मांडीवर घेतलं, तान्ह्या पोराला तेल लावायला निजवतात तसं आडवं निजवलं, आणि भाताच्या चमच्याने तळाचा रंग खरवडायला लागले. रांग आ वासून बघत राहिली.

"आजोबा, अहो देवाला असं?" कोणीतरी बोललंच.

"देव गेलो. आता माती आसा."

सगळा रंग निघेपर्यंत ते उठले नाहीत. शेवटचा डाग खांद्यावरच्या नव्याकोऱ्या उपरण्याने पुसला, उपरण्याची घडी करून गोणीत टाकायला माझ्या हातात दिली, आणि नवऱ्याकडे बघून ओरडले, "थंय हिचो भाऊस जाळी टाकता, कळला?"