तीन शिंगांचा बैल

आश्विन वद्य दशमी, सन १९४६. त्या दिवशी सकाळी मी वेल्डिंगच्या यंत्राला आंघोळ घालत होते.

हे यंत्र आमच्या घरी कसं आलं, ते आधी सांगते. लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव निघाला. कापूस झाकायला एक ताडपत्री हवी होती, म्हणून मी आमच्या यांना तिकडे पाठवलं. (चूक इथूनच सुरू होते आणि ती माझी आहे.) हे ताडपत्री सोडून यंत्र घेऊन आले. चार लोखंडी चाकं, गाईएवढं धूड आणि मागून लोंबणाऱ्या मनगटाएवढ्या जाड दोन काळ्या दोऱ्या. बंडीतून ते उतरवायला अर्धं गाव लागलं आणि उरलेलं अर्धं बघायला आलं.

"लोखंडाले लोखंड जोडते," हे म्हणाले. "वखराची पास तुटली, जोडली. बंडीची धाव तुटली, जोडली. लोकं रांगा लावतीन."

"मंग जोडून दाखवा."

तेव्हा कळलं की त्याला वीज लागते. आमच्या गावात वीज पावसाळ्यात आभाळातच दिसायची. पुढे यांच्या एका मित्राने सांगितलं, की साधी वीजही चालायची नाही, तीन फेजची लागते. वाशीमला एका वकिलाच्या घरी बल्ब जळायचा, त्यालाही एकच पुरत होती. याला तीन! जावयाचेही एवढे लाड आम्ही केले नव्हते.

आणि जावयाचीच तर अडचण होती. मुलीचा पहिला दिवाळसण. धनतेरशीला सकाळी जावईबापू येणार, आणि त्यांना उतरवायच्या बाहेरच्या खोलीत मधोमध हे धूड बसलेलं. खाट टाकायची तर यंत्राच्या उरावर! "दिवाळीच्या आधी मी हे इकून दाखवते," असं मी सगळ्यांसमोर बोलून बसले. या घरातले म्हातारे बैल, फुटका हंडा, मारकी म्हैस, सगळं मीच विकलेलं. गिऱ्हाईक कसं वळवायचं, ते मला कुणी शिकवायला नको होतं.

गिऱ्हाईक मीच शोधलं. वाशीमला कापसातली सरकी काढायच्या एका जिनिंगमध्ये स्वतःचं इंजिन होतं आणि स्वतःची वीज होती, तीही तीन फेजची. तिथले शेठजी म्हणाले, "आना, आमचा फिटर पाह्यन. चाललं तर घेतो."

म्हणून ती आंघोळ. बाजारात न्यायचा बैल कुणी धुळीने माखलेला नेतं का? मी यंत्राला ओल्या फडक्याने चोळून काढलं, मग तेलाचा हात फिरवला. हे कपाळाला हात लावून उभे.

"अवं, लोखंड हाय ते."

"म्हणून त्यानं मळकं जावं काय?"

यंत्राच्या पाठीवर पितळेची तीन शिंगं होती. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवली त्यातला लाल तेलरंग उरला होता. तो मी तिन्ही शिंगांना दोन-दोन हात दिला. दृष्ट लागू नये म्हणून गोंडा ओवलेला काळा दोरा बांधला. खरं सांगते, यंत्र देखणं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी बंडीत घालून ते वाशीमला नेलं. जिनिंगचा फिटर कादरभाई. त्याने यंत्राभोवती एक फेरी मारली, गोंड्याला बोट लावलं आणि तिन्ही शिंगांना तारा बांधल्या. खटका दाबला. यंत्र गप्प. पुन्हा दाबला. पुन्हा गप्प. शेठजी घड्याळ पाहू लागले. माझ्या डोळ्यांसमोर जावईबापू आले, यंत्राला पाठ टेकून फराळ करत असलेले.

कादरभाईने वाकून शिंगं पाहिली. "भाबी, हा रंग कोनी लावला?"

"मीनं. काहून?"

"रंगातून वीज जात न्हाई."

त्याने सगळा रंग खरवडला. माझी अख्ख्या दिवसाची मेहनत भुईवर पडली. मग खटका दाबला आणि यंत्र असं गर्जलं की आमचे बैल रिकामी बंडी घेऊन सुटले ते थेट सरकीच्या ढिगात जाऊन थांबले. (निदान त्यांचा दिवस चांगला गेला.) कादरभाईने त्या जाड काळ्या दोऱ्या यंत्राला अडकवल्या, टोकाच्या चिमट्यात कांडी धरली आणि दोन लोखंडी पट्ट्या भाकरीला भाकर चिकटावी तशा जोडून दाखवल्या. शेठजी खूश. सौदा ठरला: रोख पैसे, आणि वर मी मागून घेतलेली एक ताडपत्री!

आता पुढचं. आमच्याकडे बैल विकला की दावं द्यायचं नसतं. गिऱ्हाइकाने आपलं दावं आणावं. आपलं दावं दिलं, तर त्याच्यासोबत गोठ्याची बरकत जाते. माझ्या सासूने हे पाळलं, मी पाळलं. सगळे चहाला गेले, तेव्हा मी त्या दोन्ही काळ्या दोऱ्या सोडल्या, नीट गुंडाळल्या आणि बंडीत ताडपत्रीखाली ठेवल्या. कादरभाईला त्या अडकवताना मी पाहिलं होतंच. हाताने फिरवलं की निघत.

घरी आल्यावर खोली सारवली, खाट टाकली. वसुबारसेला दारापुढे नवी ताडपत्री ताणून मांडव घातला. बांधायला त्याच दोऱ्या. काय मजबूत दोऱ्या होत्या! वादळ आलं असतं तर घर उडालं असतं, मांडव नाही.

सांज झाली आणि दारात सायकल थांबली. कादरभाई. घामाने निथळत होता.

"भाबी, यंत्राच्या केबली कुठी हायेत?"

"कोन्या केबली?"

त्याने मान वर केली. माझीही मान वर गेली. मांडव दोघांच्याही डोक्यावर होता.

"ते तं दावं हाय," मी म्हटलं. "दावं कोनी देते का?"

"अवो भाबी, बैल दाव्याबिगर चालते. हे न्हाई चालत." मग त्याने सांगितलं, की जिनातला एक दांडा मोडलाय, काम बंद पडलंय, आणि शेठजी तापलेत. "ते म्हनतात, उद्या सकाळी केबली आल्या तं ठीक. न्हाई तं यंत्र तुमच्या दारात आनून टाकतो."

उद्या सकाळी म्हणजे जावईबापूंच्याच वेळेला. हे इतका वेळ ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, "येऊ द्या. मांडव तयारच हाय."

एवढ्या महिन्यांत त्यांना बोलायची पहिलीच संधी मिळाली होती. मी ती त्यांना घेऊ दिली.

कादरभाई सायकलवरून ते ओझं नेऊ शकत नव्हता. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी मांडव सोडला. ताडपत्री धप्पकन तुळशीवर पडली. दोऱ्या बंडीत टाकून मी स्वतः वाशीमला गेले आणि शेठजींच्या हातात दिल्या. ते तापलेले होते खरे, पण दाव्याची गोष्ट ऐकल्यावर टेबलाला धरून हसले. हसणं आवरल्यावर म्हणाले, "कादर, बाईंची बरकत बाईंना दे." कादरभाईने यंत्राचा काळा दोरा गोंड्यासकट सोडला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"घ्या भाबी. याच्याबिगर चालते ते."

मी घरी पोचले तेव्हा जावईबापू बंडीतून उतरत होते आणि हे त्यांना ताडपत्रीवरून पाय उचलून यायला सांगत होते. मी सरळ गोठ्यात गेले आणि दोरा दाव्याच्या खुंटीला टांगला. जावईबापू पाया पडायला मागोमाग आले. शेतकऱ्याचं पोर, नजर आधी खुंटीवर गेली.

"मामीजी, बैल इकला वाटते. कसा होता?"

"ताकदीचा होता बापा," मी म्हटलं. "तीन शिंगांचा. पन त्याचा चारा आमच्या गावात भेटे न्हाई."