दीड मात्रेचा उशीर

"मेन साँगमध्ये व्होकल लेट आहे. सरळ करून पाठवा."

म्युझिक कंपनीच्या मॅनेजरचा मेल. जानकीच्या पहिल्या अल्बमची नऊ गाणी मिक्स होऊन तयार होती. कॉन्ट्रॅक्टवर कंपनीची सही तेवढी बाकी होती. दोन वर्षं पोरगी त्या सहीची वाट बघत होती.

आता खरं सांगायचं तर हाच गाढवपणा महिन्यापूर्वी मीही केला होता. मी मूळचा सांगलीचा, चेन्नईत गिंडीतल्या स्टुडिओत मिक्सिंग इंजिनियर. स्क्रीनवर बीटच्या उभ्या रेषा असतात, त्याला ग्रिड म्हणतात. इलेक्ट्रॉनिक ठोका अगदी रेषेवर आणि जानकीचा आवाज दोन रेषांच्या मधोमध. मी तो उचलून रेषेवर बसवला. वर खूशही झालो.

तिने ऐकलं आणि हेडफोन टेबलावर आपटले. "अय्यो अण्णा, माझं एडुप्पु खाल्लंत तुम्ही!"

तंजावरच्या मराठी घरातली मुलगी. चिडली की तिच्या मराठीत तमिळ घुसतं. एडुप्पु म्हणजे गाणं उचलायची जागा. तालाची पहिली टाळी पडली की दीड मात्रा रिकामी सोडायची, मग गायचं. बंदिशच तशी बांधलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गपचूप अनडू केलं.

आणि आता पुन्हा तेच. आमचे मालक सेल्वम सर म्हणाले, "अरे, ही कंपनी वर्षभर काम देते आपल्याला. दोन मिनिटांचं काम आहे, टाक करून."

"नाही करणार सर. ती चूकच नाहीये."

शेवटी मॅनेजर स्वतः आले. बोलणं तमिळमध्ये झालं, इथे मराठीत सांगतो. जानकी म्हणाली, "सर, तुम्ही फक्त मांडीवर ताल धरा." मी गाणं लावलं. माणूस चेन्नईचाच, टाळी, मग एकेक बोट, हात बिनचूक चालला. दीड मात्रेनंतर आवाज आला आणि साहेबांची मान डोलली.

"बघा! कळलं ना?" मी म्हणालो.

"मला कळलं हो. मोबाईलवर ऐकणाऱ्याला कळणार आहे का? सरळ करा, नाहीतर रिलीज विसरा."

माझं डोकंच फिरलं. ज्याला कळत नाही त्याचं एक वेळ समजू शकतो. पण कळूनही?

मी तोंड उघडायच्या आत जानकी उभी राहिली. "मग विसरले. अल्बम माझा आहे, सर. उशीरही माझाच."

मी मॅनेजरच्या डोळ्यांदेखत नऊही गाणी हार्ड डिस्कवर उतरवून तिच्या हातात दिली. सेल्वम सरांनी अडवलं नाही.

अल्बम तिने स्वतःच नेटवर टाकला. लोकांच्या उड्या वगैरे काही पडल्या नाहीत. नाव मात्र तिने मॅनेजरच्या मेलमधूनच घेतलं: 'लेट'.

मी हल्ली माउसला हात लावण्याआधी गाणाऱ्याला विचारतो. क्लायंटला नंतर.