स्टिकरवरचं कुंकू

दसऱ्याला घरातल्या यंत्रांची पूजा माझ्याकडे असते. मिक्सर, स्कूटर, बायकोचं भरतकामाचं मशीन आणि त्याला जोडलेला जुना कॉम्प्युटर. काळ्या कॅबिनेटवर हळदकुंकू उठून दिसत नाही, म्हणून मी दरवर्षी बाजूच्या पांढऱ्या स्टिकरवर ठसठशीत बोट उमटवायचो. स्टिकरवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे होते. असेल कंपनीची जाहिरात, असं मी धरून चाललो होतो.

मागच्या लग्नसराईत तो कॉम्प्युटर सुरूच होईना. बायको ब्लाउजवर नक्षी भरून देते, आणि नक्षीचं सॉफ्टवेअर फक्त याच म्हाताऱ्यावर चालतं. बेलपाड्याच्या एका नवरीचा ब्लाउज मशीनवर होता. मोराचा अर्धा पिसारा भरून झालेला, आणि हळद दुसऱ्या दिवशी.

रोडपालीहून मेहुणा ऑपरेटिंग सिस्टिमची डिस्क घेऊन आला. तिच्यावर इतके ओरखडे होते की तिनं तवा घासलाय असं वाटावं.

"अरे, पण ही तुझ्या कॉम्प्युटरची ना?" मी म्हणालो.

"डिस्क दुसऱ्याची चालते हो भावोजी, आवृत्ती तीच असली म्हणजे झालं. चावी, म्हणजे तो अक्षरं-आकड्यांचा कोड, मात्र आपापली लागते. ती त्या स्टिकरवर असते बघा."

मी स्टिकरकडे पाहिलं. मेहुण्यानं पाहिलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

"पुसतो की," म्हणत मी ओलं फडकं आणलं आणि अंमळ जोरातच पुसलं. कुंकू गेलं, आणि जाताना एका अक्षराला सोबत घेऊन गेलं.

"माझे मोर डी ड्राइव्हवर आहेत," बायकोनं भावाला बजावलं. "त्यांना धक्का लावू नकोस. आणि यांना तर लावूच देऊ नकोस."

डिस्क कुरकुरत फिरली आणि पडद्यानं चावी मागितली. बायको कीबोर्डवर, मी टॉर्च धरून वाचायला.

"व," मी म्हणालो.

"कुठला व? व्ही की डब्ल्यू?"

"वसईचा."

"अहो, इंग्रजीत सांगा!"

हरवलेल्या अक्षराच्या जागी आम्ही ए पासून एकेक घालून पाहू लागलो. दर वेळी पडदा 'चूक' म्हणायचा, आणि तो मलाच म्हणतोय हे मला पटत चाललं होतं. मधेच नवरीच्या आईचा फोन आला. "झाला का ओ ताई? पोरगी जेवत नाय."

"होतोय, होतोय. तिला जेवायला वाढा," बायको म्हणाली. स्वतः तिनं सकाळपासून नुसता चहा घेतला होता.

आर घातला आणि पडदा पुढे सरकला. बोललो तर बिघडेल, अशी भीती. सॉफ्टवेअर चढलं, डी ड्राइव्ह उघडला, मोर जागेवर होते. सुई खडखडायला लागली आणि पिसारा पुढे सरकू लागला, तेव्हा मी हळूच, "बघ, झालं की नाही?" म्हणून घेतलं.

मेहुणा डिस्क पिशवीत टाकून निघाला. मशीनवरची नजर न काढता बायको त्याला म्हणाली, "ती इथेच ठेवून जा. हे घरातच असतात."