कटिंग मास्तरांचा बिनमापाचा कपडा

"उसवाचं नाही, बाई. समोर जाचं!"

असं म्हणताना ते डावा तळवा असा पुढे करत, जणू चौकातला पोलीस रहदारी थांबवतोय. थांबवायचा असे तो माझा हात. त्यांचं विणकाम उसवायला निघालेला.

नंदनवन भागात आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. सगळी वस्ती त्यांना कटिंग मास्तर म्हणायची. चाळीस वर्षं कोट-पँटी बेतलेला माणूस. दारात पाहुणा आला, की आधी खांद्यापासून मनगटापर्यंत नजर फिरवत, मग 'या' म्हणत. एका सकाळी अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, पण उजव्या हाताची बोटं मिटेनात. दुकानातली कात्री मुलाच्या हाती गेली.

धंतोलीतल्या डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. मास्तरांनी तो भिरकावला, तो थेट माझ्या वाळत घातलेल्या मुगवड्यांत! मी विणकाम बगलेत मारून भांडायलाच गेले.

"मी काय लहान पोट्टा आहो, चेंडू खेळाले?" ते उलट माझ्यावरच गरजले. मग त्यांची नजर माझ्या सुयांवर गेली. आवाज उतरला. "हे शिकवा, बाई. बोटं चालली पाह्यजे. मले माही कात्री वापस पाह्यजे."

मी वीस टाके घालून दिले. सुई बोटांना चिंधीनं बांधावी लागली. तिसऱ्या ओळीत टाके उरले सतरा, आणि मध्ये कवडीएवढं भोक. आता तुम्हीच सांगा, विणणारी बाई काय करेल? उसवेल! मी हात पुढे केला आणि तो तळवा आडवा आला.

"चाळीस वर्षं मापात काढली. चुकीचं कापलं, की कपडा गेला. इथं त कापाचंच नाही! राहू द्या भोक. बाजूनं दुसरा रंग लावू."

भोकाच्या कडेनं त्यांनी माझी उरलेली पोपटी लोकर जोडली आणि विणकाम आडवंच वळवलं. पोपटीला जांभळा फुटला, जांभळ्याला विटकरी. मी गल्लीला नमुने सांगणारी बाई. मला ते बघवेना. आठ दिवसांनी मात्र स्वेटरची बाही बाजूला टाकून मीही एक वाकडा त्रिकोण विणला. दार लावून.

हिवाळाभर ते उन्हात खुर्ची टाकून बसले. रोज सकाळ-संध्याकाळ, कपाळावर घाम येईपर्यंत. संक्रांतीला बोटांवरची चिंधी सुटली.

"मामाजी, हे होऊन काय राहिलं? शाल की झोळी?" सून विचारायची.

"झाल्यावर ठरवू."

"यातून त हवा येऊन राहिली!"

हे मात्र शिंप्याला लागलं. "अस्तर लावू," ते म्हणाले. "कात्री आणा."

मुलानं कात्री आणली, पण देईना. "बाबा, मी कापून देतो."

"कशाचं माप घेशीन तू?"

खरंच होतं. त्या वस्तूला ना कोपरा, ना सरळ कड. मास्तरांनी चटईवर साटीन पसरलं, वर ते विणकाम ठेवलं. अंगठा कात्रीत गेला. बोटं दोनदा घसरली, तिसऱ्यांदा शिरली. आम्ही तिघं श्वास धरून उभे. कर्र... कात्री पोपटी वळणाशी थबकली. डावा हात मदतीला सरसावला तर त्यांनीच त्याला दटावून कापडावर दाबून बसवला. मग एकेक बाक, एकेक खाच घेत कात्री फिरून आली. साटीन तंतोतंत त्याच आकारात सुटलं.

मास्तरांनी मुलाला विचारलं, "दुकान किती वाजता उघडते आजकाल?"

त्यानंतर सात वर्षं ते दुकानात गेले.

ते वारल्यावर त्यांची पेटी आवरताना सून आणि मी अस्तर लावलेल्या त्या विणकामाची घडी घालायला बसलो. चारदा घातली, चारदा उलगडली. शेवटी तिनं ते खांद्यावर घेतलं आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.