पाचव्या घरची भिक्षा

आमच्या घरी भाकरीचा रंग रोज वेगळा असायचा. वडील पहाटे किंगरी घेऊन निघायचे, दारोदार नाथांची गाणी म्हणायचे, आणि ज्वारी, बाजरी, गहू, ज्याने जे वाढलं ते पीठ झोळीत एक होऊन यायचं. गावात कुणी वारलं की दारं बंद, आमची चूलही बंद. किंगरी म्हणजे भोपळ्याला बांबू जोडून तारा ताणलेलं, गजाने वाजवायचं वाद्य. वडिलांनी मला ते शिकवलं नाही, शाळेत घातलं. घराण्यातली पहिली पदवी माझी, हे मी ठणकावून सांगते. पण त्यापायी किंगरी वडिलांपाशीच थांबली.

आता ते माझ्याकडे परदेशात, हॅमिल्टनला असतात. गेल्या गणपतीत मी इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षबाईंना विचारलं, वडिलांना दहा मिनिटं द्याल का. बाई पुण्याच्या, बोलणं गोड. "काका, हे दारात वाजवायचं ना? मग दारातच बसा, ऑथेंटिक वाटेल."

हॉलच्या दाराशी, काढून ठेवलेल्या जँडल्सच्या, म्हणजे चपलांच्या शेजारी वडील तासभर वाजवत होते. कुणीतरी गमतीने पुढ्यात नाणं टाकलं. वडिलांनी सवयीने आशीर्वाद दिला. लोक हसले. बाईही हसल्या. ते हसू मी जपून ठेवलं.

सहा महिन्यांनी बाईंचा फोन. त्यांच्या मुलीच्या शाळेत ज्याने त्याने आपल्या लोकांचं संगीत सादर करायचं होतं, आणि तिला दारात ऐकलेली किंगरीच हवी होती. वडील लगेच गज पुसायला बसले. इतक्या वर्षांत शिकायला कुणी आलंच नव्हतं.

मी मध्ये पडले. आमच्यात शिकणाऱ्याने आधी झोळी लावून पाच घरं मागायची, शेवटचं घर स्वतःचं. त्याशिवाय तारेला हात नाही. वडील म्हणाले, "इथं कशाला ते? पोरगी हातची जाईल."

"जाऊ दे," मी म्हटलं. खरं सांगते, मला तेव्हा किंगरीची पडली नव्हती. मला त्या बाई दारात उभ्या हव्या होत्या.

फोनवर अट ऐकून बाई म्हणाल्या, त्यांची मुलगी भीक मागणार नाही. मुलीनेच फोन ओढून घेतला. "सॅटर्डे इज स्वीट ॲज, आजोबा." म्हणजे शनिवारी एकदम चालेल.

चार घरं मी निवडली, चारही मंडळाच्या कमिटीतली; वडील आणि मी तिच्यासोबत फिरलो. पाचव्या दारात ती अडखळत म्हणाली, "भिक्षा वाढा, माई." शेजारी गाडी धुणारा माणूस थांबून बघायला लागला. बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, पुरे झालं, आत ये. पोरगी हलली नाही. शेवटी बाईंनी मूठभर कणीक आणून झोळीत टाकली.

"ताई, दोन्ही हातांनी वाढतात," मी म्हटलं.

त्या पुन्हा आत गेल्या आणि ओंजळ भरून आल्या. वडिलांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तिथेच पायरीवर बसून त्यांनी पोरीच्या हातात गज दिला.

वडील त्या दिवसाबद्दल माझ्यावर अजून नाराज आहेत. मला पश्चात्ताप नाही. ती मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी दर शनिवारी येतात. वडिलांखेरीज आता तिघी जणी किंगरी वाजवतात.